आठ मेगावॅटच्या ताडपत्र्या

हायड्रोजन म्हणजे काय हे माझ्या आईला धड ठाऊक नाही. तरीही माझ्या सहा महिन्यांच्या कामाची तिने पोहे खाता खाता, जागचं न उठता वाट लावली. आणि त्याच दिवशी सकाळी अकरा वाजता मला ते काम साहेबांसमोर मांडायचं होतं.

मी अंधेरीतल्या एका सल्लागार कंपनीत आहे. सरकारी कार्यालयांना आराखडे करून देणं हा आमचा धंदा. यंदा उपनगरांच्या हरित ऊर्जा कक्षाने आमच्याकडे काम दिलं होतं: दिंडोशीजवळच्या बस डेपोत हरित हायड्रोजन तयार करून त्यावर बस कशा चालवायच्या, ते आखून द्या. पाण्यात वीज सोडली की हायड्रोजन सुटा होतो, एवढं शाळेत सगळ्यांनीच केलेलं असतं. हरित म्हणवून घ्यायचं तर ती वीज उन्हाची किंवा वाऱ्याची हवी. कोळशाची वापरलीत तर नुसताच हायड्रोजन, नावापुढे काही लावायचं नाही. पाणी सांडपाणी केंद्रातून शुद्ध होऊन मिळणार होतं, जागा डेपोची होती, बस तीस ठरल्या होत्या. अडलं होतं विजेपाशी, आणि ते मी सोडवलं होतं.

उपग्रहाने टिपलेली दिंडोशीची चित्रं मी एका प्रोग्रामला खायला घातली. त्याने गच्च्यांवरची सौर पॅनेल मोजून दिली. चारशे बारा इमारती, आठ मेगावॅट! मी खुर्चीतून उडालेच. जन्म दिंडोशीत गेला, पण आपली वसाहत एवढी पुढारलेली आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. मला वाटलं, काय माणसं आहेत, कुठे बोलत नाहीत, गुपचूप करून मोकळी होतात. माझा ऊर अभिमानाने भरून आला होता, खोटं कशाला बोलू.

शिवाय माझी प्रोबेशनची मुदत त्याच दिवशी संपत होती. आमच्या बॉस अस्मिता मॅडम म्हणाल्या होत्या, "आराखडा मंजूर झाला तर तू कायम. नाहीतर बघू." मॅडमचं 'बघू' ऐकून आमच्या कंपनीतून आजवर दोघं घरी गेले आहेत.

तर पोहे. माझी आई, शकु, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. माझं नाव संघमित्रा, पण घरी मी नुसती मित्रा. तिने माझ्या खांद्यावरून लॅपटॉपात डोकावून पाहिलं.

"ही आपली बिल्डिंग ना गं?"

"हो. बघ, अठरा किलोवॅट!"

"काय अठरा?"

"वीज, आई. गच्चीवर सोलर आहे ना आपल्या. मला सांगितलं पण नाहीस."

आईने चष्मा नाकावर नीट बसवला आणि पोह्यांचा घास गिळला. "मित्रा, ती ताडपत्री आहे."

"कुठली ताडपत्री?"

"निळी. साळुंख्यांच्या हॉलमध्ये गळतं म्हणून मे महिन्यात टाकली. विटा मी चढवल्या वर, गुडघे दुखत असताना. तुला हाक मारली तर म्हणालीस, आई, काम चालू आहे."

मी शेजारच्या इमारतीवर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ताडपत्री."

"ही मागची?"

"ताडपत्री. ही कोपऱ्यातली आहे ना, हा मात्र पत्रा. निळाच, पण नवीन आहे. चांगला बसवलाय."

मी चित्राची तारीख पाहिली. तीस मे. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, तीस मेला गच्चीवर काय असतं ते. पण तो प्रोग्राम ज्या देशात शिकून तयार झाला, तिथे गच्च्या गळत नसाव्यात. निळं, चौकोनी आणि छपरावर म्हटल्यावर त्याने पॅनेल मोजलं, आणि मी त्यावर तीस बस चालवल्या.

तेवढ्यात माझा सहकारी निलेश मला न्यायला बोरिवलीहून आला. त्याला मी जिन्यातूनच वर ओढत नेलं. सातव्या मजल्यावरच्या गच्चीत उभं राहून आम्ही चौफेर पाहिलं. पाऊस दोन दिवस उघडला होता, ऊन पडलं होतं, आणि जिथवर नजर जाईल तिथवर निळंच निळं. सगळ्या ताडपत्र्या वाऱ्यावर फडफडत होत्या. पॅनेल कधी फडफडत नाही.

"मेलंव!" निलेश म्हणाला. तो घाबरला की त्याच्या तोंडून गावची मालवणी बाहेर पडते. "अगो, आता काय करुचा?"

मला हसू फुटलं. भीती वाटली की मला हसू येतं, लहानपणापासूनची खोड आहे. माझं बघून तोही हसायला लागला. आम्ही टाकीला टेकून पोट धरून हसत होतो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून खरंच पाणी यायला लागलं. सहा महिने राबले होते मी. माझं नाव होतं त्या आराखड्यावर.

निलेशची बाईक तिथेच ठेवून आम्ही रिक्षा केली, कारण दोघांचेही हात मोकळे हवे होते. अंधेरीपर्यंत आम्ही एकेक चित्र मोठं करून पाहत गेलो. एकदा डोळ्यांना ताडपत्री ओळखू आली की मग ती लपत नाही: सुरकुत्या दिसतात, कडा फाटलेल्या दिसतात. एका गच्चीवरची वीस किलोवॅट वीज म्हणजे निळा रंग दिलेलं बॅडमिंटनचं कोर्ट निघालं. दुसरीकडे कुणीतरी पोरांसाठी रबराचा हौद फुगवून ठेवला होता, त्याचे दोन किलोवॅट.

"ह्याच्यावर एखादी बस गोरेगाव स्टेशनपर्यंत तरी जाईल का गं?" निलेशने विचारलं आणि आम्ही पुन्हा सुटलो. रिक्षावाला आरशातून बघायला लागला.

खरी पॅनेल निघाली नऊ गच्च्यांवर. चारशे बारातल्या नऊ.

कक्षाच्या दारातच मी अस्मिता मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, पर्समधून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायल्या, आणि शांतपणे म्हणाल्या, "आज एक शब्द काढायचा नाही. मंजुरी घेऊ. महिन्याभराने शुद्धिपत्रक काढू."

"मॅडम, शुद्धिपत्रकात काय लिहायचं? आठ मेगावॅटऐवजी ताडपत्री असे वाचावे?"

"संघमित्रा, तुला नोकरी हवीय ना?"

हवी होती. फार हवी होती. मी मान डोलावली आणि आत गेले.

आत लांबलचक टेबलाभोवती अकरा अधिकारी, चहा आणि खारी. कक्षाचे प्रमुख देवव्रत सर मधोमध बसले होते. हा माणूस हसत नाही, अशी त्यांची ख्याती. मी पाणी सांगितलं, डेपो सांगितला, साठवणुकीच्या टाक्या आणि त्यांच्याभोवती किती मोकळी जागा सोडायची तेही सांगितलं. ते सगळं खरं होतं, त्यामुळे आवाज कापला नाही. मग पडद्यावर निळा नकाशा आला, आणि सरांचा चेहरा चक्क उजळला.

"हे मला फार आवडलं," ते म्हणाले. "लोकांनी आपणहून केलेलं काम. मी वर कळवणार आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "संघमित्राताई, या आठ मेगावॅटवर करू ना सही?"

मला पुन्हा हसू फुटलं. मी ओठ चावले, खोकल्याचं सोंग केलं, काही उपयोग नाही. अकरा अधिकारी माझ्याकडे बघतायत, टेबलाखाली मॅडमची चप्पल माझ्या पायावर, आणि मी खी खी करतेय. त्या पेनाकडे बघताना मला एवढंच दिसत होतं की डेपोत तीस बस उभ्या आहेत, आणि त्या का चालत नाहीत ते कुणालाच कळत नाही.

"नका करू, सर," मी म्हणाले. "ही पॅनेल नाहीत. ताडपत्र्या आहेत. माझी चूक झाली. मी एकाही गच्चीवर चढून बघितलं नाही. अगदी माझ्या स्वतःच्याही नाही."

सरांनी टोपण लावलं.

"खरी किती आहेत?"

"नऊ गच्च्यांवर, सर."

ते पुन्हा नकाशाकडे वळले आणि म्हणाले, "मुलुंड आहे का यात?"

"आराखड्यात नाही, पण चित्र आहे."

त्यांनी इमारतीचं नाव सांगितलं. निलेशने शोधून काढलं. प्रोग्रामने निळ्या चौकोनावर आकडा टाकला: बावीस किलोवॅट.

"बावीस!" देवव्रत सर म्हणाले. "दोन पावसाळे माझ्या बेडरूममध्ये बादली ठेवलीय हो! ठेकेदार तीन बदलले. आणि हे म्हणे बावीस किलोवॅट!" आणि तो न हसणारा माणूस असा हसला की त्यांच्या चहाच्या कपातला चहा बशीत सांडला.

मग काय विचारता! प्रत्येकाला आपापली गच्ची बघायची होती. "घाटकोपर दाखवा." "आमचं कांदिवली बघा हो जरा." भांडुपच्या एका बाईंकडे एकतीस किलोवॅट निघाले, तर त्यांनी शेजारच्याला टाळी दिली. निलेश बिचारा एकेक इमारत लावत होता, आणि प्रत्येक आकड्याला टेबल हसत होतं. मॅडमची चप्पल माझ्या पायावरून कधी उठली, मला कळलंच नाही.

त्या गोंधळात माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जवळपास ओरडलेच, "सर, ही यादी चुकीची नाहीये! हिला नाव चुकीचं दिलंय!"

"म्हणजे?"

"ही गळणाऱ्या गच्च्यांची यादी आहे. दिंडोशीत चारशे इमारती दरवर्षी पोटाला चिमटा काढून ताडपत्री नाहीतर पत्रा घालतात, आणि तरी गळतंच. त्यांना छप्पर हवंय. पॅनेलचंच छप्पर घातलं तर? खाली चौकट, वर पॅनेल, मधल्या फटी बंद. त्यांच्या डोक्यावर छत, आपल्या डेपोला वीज. 'हायड्रोजनसाठी गच्ची द्या' म्हटलं तर कोण देईल? पण 'गळणार नाही' म्हटलं तर..."

"तर मी आत्ता देतो," सर म्हणाले. हसू ओसरलं होतं, पण डोळे अजून ओले होते. "आराखडा परत लिहा. आज काय आहे ते आधी: नऊ गच्च्या. बस तीस नाही, एकीपासून सुरुवात. आणि पन्नास सोसायट्यांची तत्त्वतः संमती आणा, सेक्रेटरीच्या सहीशिक्क्यासह. पंधरा दिवस देतो. मग सही."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "पंधरा दिवस तुझी मुदत वाढवते. पन्नास आले तर कायम." आणि थोड्या वेळाने, "नाहीतर बघू."

मी आईला फोन करून झालेलं सगळं सांगितलं आणि संमतीचा फॉर्म पाठवला. तिने फक्त "हं" म्हटलं. संध्याकाळी सहाला घरी पोचले तर सोसायटीच्या ऑफिसबाहेर ही गर्दी. आईने वसाहतीतल्या सगळ्या सेक्रेटरींच्या ग्रुपवर टाकलं होतं: मित्राची कंपनी गच्चीवर छत घालते आहे, गळतीवाल्यांनी शिक्का घेऊन यावे. माणसं खुर्च्यांवर, जिन्यात, गाड्यांच्या सीटवर बसली होती, आणि प्रत्येकाच्या हातात शिक्का. मला पाहताच सगळे एकदम बोलायला लागले. हायड्रोजनचं कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच: गळणार नाही ना?

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, "मित्रा, खरं काय ते सांग. मला रोज या लोकांना तोंड दाखवायचंय."

हो म्हणणं किती सोपं होतं. पन्नास शिक्के माझ्या समोर होते.

"नीट उतार देऊन बसवलं तर गळणार नाही," मी म्हणाले. "वेडंवाकडं बसवलं तर गळेल. कोण बसवणार ते अजून ठरलेलं नाही. पण बसवण्याआधी आणि बसवल्यावर प्रत्येक गच्चीवर मी स्वतः चढून बघेन, एवढं माझ्या हातात आहे."

दोघं-तिघं उठून घरी गेले.

आईने माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. "हे आत्ता बोललीस ना, ते लिहून दे. खाली नाव घाल. पूर्ण."

मी लिहिलं, सही केली. आईने दोनदा वाचलं, शेजारच्या इमारतीच्या धोंडिराम काकांना वाचायला दिलं, मग फॉर्म ओढून सगळ्यात पहिला शिक्का तिने मारला. असा जोरात, की टेबल हललं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण माझा कागद तिने चार घड्या घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. भीती वाटत होतीच, पण यावेळी मला हसू येत नव्हतं.

"चला, पुढचे," आईने हाक दिली. रांग सरकली.

आठ वाजता अस्मिता मॅडमचा फोन आला. "काही सुरुवात झाली का गं?"

"त्रेसष्ट झाले, मॅडम."

"प्रोग्रामने मोजले की तू?"

"मी. एकेक."

"उद्या येताना दोन फोटो आण," मॅडम म्हणाल्या. "ओळखपत्र नवीन करायचंय तुझं."