टिंबापासून निघालेली रेघ

कडकआजीच्या हातून इस्त्री करताना काही जळलं, असं कुणी सांगितलं असतं तर गल्लीतल्या एकानंही विश्वास ठेवला नसता. एक्केचाळीस वर्षं तिनं लाँड्रीत काढली होती. तिनं घातलेली घडी मोडायला माणूस कचरायचा. तिचं नाव त्या इस्त्रीवरूनच पडलं होतं. स्वभावावरून पडलं असं सून म्हणायची, पण ते स्वयंपाकघरात आणि हळू आवाजात.

तरी जळलं, आणि कापड नव्हे, भलतंच.

सून घरी मुलांना कीबोर्ड शिकवायची. त्या दिवशी दुपारी चार वाजता परीक्षक घरी येणार होते. तिचे सहा विद्यार्थी पहिल्यांदाच परीक्षेला बसत होते. परीक्षा मुलांची असली तरी घाम सुनेला फुटला होता. गल्लीच्या टोकाला एक मोठा क्लास होता, आणि तिथली बाई म्हणून गेली होती, "घरगुती शिकवणीतली मुलं कसली पास होतायत!"

कीबोर्डवरच्या कापडाला सुरकुत्या होत्या. परक्या माणसासमोर सुरकुतलेलं कापड? आजीला ते बघवेना. तिनं कीबोर्डचा अडॅप्टर भिंतीतून काढून टेबलावर उजव्या हाताला ठेवला, त्या जागी इस्त्री लावली आणि कापड पसरलं. एवढ्यात दारावरची घंटा वाजली. आजीनं मान वळवली आणि हातातली इस्त्री न बघताच उजवीकडे टेकवली. लाँड्रीत इस्त्री टेकवायचा काळा चौकोनी ठोकळा कायम उजवीकडेच असे. एक्केचाळीस वर्षांची सवय ती, हाताला डोळे लागत नव्हते. इथेही उजवीकडे काळा चौकोनी ठोकळाच होता. फक्त तो अडॅप्टर होता.

दारातल्या माणसाला वाटेला लावून ती परतली, तेव्हा खोलीभर वास सुटला होता. अडॅप्टर एका बाजूनं मेणासारखा बसला होता, आणि त्यावरची अक्षरं वितळून गेली होती.

सून धावत आली. तिनं अडॅप्टर बघितला, घड्याळ बघितलं. बॅटऱ्यांचा कप्पा केव्हाच गंजून गेलेला, त्यामुळे तोही मार्ग नव्हता.

"आई..." एवढंच ती म्हणाली. ती ओरडली असती तर आजीला बरं वाटलं असतं.

मुलगा कामानिमित्त परगावी होता. सुनेनं फोन लावला. पलीकडून तो म्हणाला, "अगं, त्यात काय एवढं? नऊ व्होल्टचा कुठलाही आण. पिन आत गेली की झालं."

सून चपला घालायला निघाली, तशी आजीनं तिला अडवलं. "तू बस. मुलं सरावाला येतील आता. चूक माझी, तेव्हा पायही माझेच झिजू देत."

"आई, तुम्हाला कळायचं नाही त्यातलं."

"वाचता येतं मला," आजी म्हणाली. यायचंही, पण साठी उलटल्यावर सुनेकडूनच शिकलेलं, बोट ठेवून, एकेक अक्षर करत. तिनं कीबोर्ड उलटा करायला लावला. पिन शिरायच्या भोकाशेजारी मुंगीएवढी परकी अक्षरं होती. ती काही आजीला लागेनात. व्होल्टचा नऊ आणि करंटचा, असे दोन्ही आकडे सुनेनं कागदावर लिहून दिले. पण अक्षरांच्या पुढे एक चित्र होतं, आणि त्या चित्रापाशी आजी थांबली. मधे भरीव टिंब. टिंबाभोवती एका बाजूला उघडं राहिलेलं कडं. टिंबापासून एक रेघ निघून वजाबाकीच्या चिन्हाला मिळालेली, आणि कड्यापासून दुसरी रेघ बेरजेच्या चिन्हाला.

"हे काय गं?"

"कुणास ठाऊक. सगळ्यांवरच असतं ते."

"सगळ्यांवर एकच असतं?"

सुनेला सांगता येईना. आजीनं डब्यातून पांढऱ्या फितीचा तुकडा काढला, न पुसणारी शाई काढली, आणि ते चित्र जसंच्या तसं फितीवर उतरवलं. लाँड्रीत अक्षर ओळखत नव्हती तेव्हा ती असंच करायची. डॉक्टरांच्या घरच्या कपड्यांना दोन टिंबं आणि रेघ, मास्तरांच्या घरच्यांना रेघ आणि दोन टिंबं. उलटसुलट झालं तर मास्तर डॉक्टरांची विजार घालून शाळेत जायचे. एकदा गेलेही होते, पण तेव्हा खुणा घालणारी दुसरी होती.

"आई, चित्र काढायला वेळ आहे का आपल्याला?"

"निशाणी उगाच कुणी घालत नाही," आजी म्हणाली आणि निघाली.

इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. दुकानदार नाकावर चष्मा ठेवून रेडिओच्या पोटात डोकं घालून बसला होता. आजीनं जळका अडॅप्टर काचेवर ठेवला.

"आजी, हा भाजून खाल्लात की काय?"

"भाजला, पण खाल्ला नाही. असाच दुसरा दे. नऊ व्होल्टचा, कीबोर्डचा."

दुकानदारानं मागच्या फळीवरून एक खोका उचलला, जळक्या अडॅप्टरच्या पिनेशी नव्याची पिन लावून बघितली आणि समोर ठेवला. "घ्या. नऊ व्होल्ट. पिन तीच. अगदी फिट्ट बसेल."

आजीनं खोका उघडला. अडॅप्टर उजेडात धरला, फीत त्याच्याशेजारी धरली, आणि डोळे बारीक केले. मग मान हलवली.

"हा नाही."

"का नाही?"

"इथं टिंबाची रेघ बेरजेकडे गेलीय. माझ्याकडे ती वजाबाकीकडे आहे."

"अहो आजी, ते कंपनीचं नक्षीकाम. पिन आत जाते ना? मग चालतो."

"मास्तरांच्या अंगात डॉक्टरांची विजार गेली होती, बाबा. म्हणून ती मास्तरांची झाली का?"

मागे उभं राहिलेलं गिऱ्हाईक फिसकन हसलं. दुकानदार मात्र हसला नाही. त्यानं चष्मा वर सरकवला, फीत हातात घेतली आणि ती बराच वेळ बघत राहिला.

"हे कुणी काढलं?"

"मी. कीबोर्डच्या पाठीवरून."

"बरोबर उतरवलंय?"

आजीनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुढचं विचारलंच नाही. तो खाली वाकला, मीटर काढला, नव्या अडॅप्टरच्या पिनेला तारा लावून काटा बघितला. मग गळ्यातल्या रुमालानं कपाळ पुसलं.

"आजी, तुमचं खरं आहे. पिनेच्या मधल्या भागात वजा यायला हवा, बाहेरच्या भागात अधिक. बहुतेकांचं उलट असतं, म्हणून मी बघितलंच नाही. हा लावला असता तर कीबोर्डचं आतलं सर्किट जळायची भीती होती. तीस वर्षं दुकान चालवतोय मी."

"मग हवा तो आहे का, ते सांग."

नव्या मालात नव्हता. दुकानदारानं खणांमागून खण उपसले. शेवटी एका पत्र्याच्या डब्यात, जुन्या तारांच्या गुंत्यात, एक सापडला. आजीनं फीत लावली. टिंबाची रेघ वजाबाकीकडे. तरी ती थांबली.

तिनं सुनेचा कागद पुढे केला. "आता याच्याशी लावून आकडे वाच. मोठ्यानं."

"नऊ व्होल्ट, आणि करंट तुमच्या कीबोर्डला लागतो त्याच्याहून थोडा जास्त. व्होल्ट तेवढेच हवेत, करंट जास्त असला तर बिघडत नाही, कमी नको." त्यानं मीटर लावून दाखवला. "आता तरी पटलं?"

"पटलं. एकदाच पटवायचं, पण नीट."

घरी सहा मुलं लाकडी टेबलावर बोटं आपटत मुकं गाणं वाजवत होती. सुनेचा चेहरा उतरलेला होता. घड्याळात तीन वाजून गेले होते. आजीनं अडॅप्टर पुढे केला. सुनेनं सगळी हकीकत ऐकली, मीटरपर्यंत, आणि अडॅप्टर परत आजीच्याच हातात दिला.

"तुम्हीच लावा, आई."

आजीनं पिन खोचली, खटका दाबला. बारीक लाल दिवा लागला. सुनेनं एक पट्टी दाबली, मग चार, मग दोन्ही हात टाकले. मुलांनी एकच गलका केला. त्यात परगावाहून आजीच्या मुलाचा फोन आला. "मिळाला ना? मी म्हटलं नव्हतं, कुठलाही चालतो?"

"कुठलाही चालत नाही," सून ठासून म्हणाली. "घरी आलात की आईंकडून शिकून घ्या."

चार वाजता परीक्षक आले. एरवी शिकवणी चालू असली की आजी स्वयंपाकघरात बसायची. आज ती ठेवणीतले कपडे घालून बाहेरच्या खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"या कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई," सून म्हणाली. "आज हे वाद्य वाजतंय ते यांच्यामुळे."

"बंदही माझ्यामुळेच पडलं होतं," आजी म्हणाली. "खरं ते सांगावं."

परीक्षक हसले, कागद पुढे ओढला आणि पहिल्या मुलीला हाक मारली. तिनं पट्ट्यांवर हात ठेवले. पहिला सूर स्वच्छ उमटला, आणि आजी कांजी दिलेल्या कॉलरसारखी मान ताठ करून बसली, ती सहावं मूल वाजवून उठेपर्यंत तशीच.