डावीकडून तिसरा

“आधी बाजू बघ, मग माणूस बघ.”

डार्करूमच्या लाल उजेडात आमचे हे मला असं सांगायचे. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी काळा पडदा ओढून मी आत उभी राहिले की हे वाक्य आधी ऐकू येतं आणि मग ट्रेमधलं पाणी हलतं. मला त्याची भीती वाटत नाही. घरच्या माणसाचा आवाज, त्याला काय घाबरायचं? भीती वाटते ती त्यामागून येणाऱ्या प्रश्नाची.

“बाजू बघितली होतीस ना?”

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला आमचा स्टुडिओ आहे, सासूबाईंच्या नावाचा. सुलक्षणा फोटो स्टुडिओ. धंदा चांगला चालतो, देवाची कृपा. आखातात जाणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो असतात, लग्नसराईत आमच्याकडे फोटो काढणाऱ्या कुंडलिकला जेवायला सवड नसते. रंगीत रोल आम्ही दादरच्या लॅबला पाठवतो. काळे-पांढरे मात्र मी स्वतः करते, आणि त्यात मुख्य काम हाराच्या फोटोंचं. माणूस गेलं की घरचे लोक पेटीतून जे सापडेल ते घेऊन येतात, रेशनकार्डाच्या वेळचा फोटो, नाहीतर कुणाच्या लग्नातला घोळका. त्यातून तो एक चेहरा उचलायचा, मोठा करायचा आणि जे पुसट झालंय ते पेन्सिलीनं, ब्रशनं भरायचं. डोळे मी सगळ्यात शेवटी करते. मूर्तीचे करतात तसे.

हे म्हणायचे, “फोटो एकदा विकला जातो, निगेटिव्ह जन्मभर विकली जाते. ती हरवू नकोस, गिऱ्हाईक कुठं जात नाही.” म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात घालून, नाव लिहून पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेली आहे. आजूबाजूचे तीन स्टुडिओ बंद पडले, आमचा चालला, तो या ट्रंकांवर.

आता बाजूचं सांगते. निगेटिव्हला दोन अंगं असतात, एक चकचकीत आणि एक मंद. पेन्सिल धरते ती मंद बाजूवर, त्यामुळे माझं काम कायम त्याच अंगानं. पण त्या अंगानं बघितलं की सगळं उलटं दिसतं, डावं ते उजवं. स्टुडिओत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मला तर होतंच.

सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात सुंदराबाई आमच्याकडे आल्या. टेंभीपाड्याला राहतात, मूळच्या कराडकडच्या. एकुलता एक मुलगा शिवदास काविळीनं गेला होता. त्याचा एकच फोटो होता, कारखान्याच्या कबड्डी संघाचा. सात जण ओळीत उभे, सारख्या बनियनी, सारख्या मिशा, चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. फोटो संघाच्या कप्तानाचा, संध्याकाळी परत करायचा होता. ह्यांनी लगेच कॅमेऱ्यानं त्याची निगेटिव्ह काढली, पाकिटावर लिहिलं ‘डावीकडून तिसरा’, आणि हे घाटकोपरच्या एका लग्नाला निघून गेले.

पुढचं काम मी केलं. त्या दिवशी हरतालिका होती. पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता, पूजेच्या आधी काम उरकायचं होतं. निगेटिव्ह काचेवर ठेवली, डावीकडून तीन मोजले, खूण केली. चेहरा मोठा केल्यावर धुरकट आला. सुंदराबाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांना विचारलं, “डोळे कसे होते हो त्याचे?”

“हसरे व्हते, ताई. माझ्याकडं बघितलं की हसायचाच.”

म्हणून मी हसरे डोळे केले. त्यांना तेव्हाच मोतीबिंदू होता. चार दिवसांनी फ्रेम घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी काचेवरून बोटं फिरवली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाल्या, “माझाच.”

त्या रात्री जेवताना ह्यांनी सहज विचारलं, “बाजू बघितली होतीस ना?”

मी हो म्हटलं.

आठवत नव्हतं, तरी हो म्हटलं. उठून ट्रंक उघडली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. त्या दिवशी उघडली नाही, आणि मग रोजच न उघडणं सोपं होत गेलं. सकाळी उठल्यापासून देवाजवळ दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. त्या मौनात मनात जे येतं त्याला उत्तर देता येत नाही. सहा वर्षं त्यात हा एकच प्रश्न येत राहिला. कुणाचेही डोळे करायला बसले की हात त्या हसऱ्या डोळ्यांकडे वळायचा. एका आजोबांना तसे डोळे झाले तेव्हा त्यांची सून म्हणाली, “मामंजी असे कधी बघायचे नाहीत हो कुणाकडे.” मी पुसून पुन्हा केले.

यंदा मार्गशीर्षात सुंदराबाई पुन्हा आल्या. मुलुंडच्या शिबिरात डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवं फडकं. शेजारणीचा हात धरून आल्या होत्या. पदराखालून तीच फ्रेम काढून त्यांनी काउंटरवर ठेवली, चंदनाच्या हारासकट. काचेच्या आत ओल गेली होती, आणि खालच्या पट्टीवर मेणाचे थेंब साचून थर झाला होता. दर पौर्णिमेला फोटोपुढे मेणबत्ती लावते म्हणाल्या.

“काच बदला ताई, मागचा पुठ्ठाबी बदला. बेस्तरवारी चष्मा मिळणार हाय. पर म्या घालायची न्हाई.”

“का बरं?”

“तुमी फोटू घेऊन या, भिंतीला लावा, मंग घालीन. सा वर्सं नुसता हातानं बघितला. चष्म्यातनं पयला त्यालाच बघणार. याल न्हवं?”

“येईन,” मी म्हटलं. “गुरुवारी सकाळी, मी स्वतः.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फ्रेमचे खिळे काढत होते. तेवढ्यात एक तिशीचा माणूस पासपोर्ट साइझचे जादा फोटो काढायला आला. कंगव्यानं केस नीट करायला तो आरशाकडे वळला. आरशात त्याचा चेहरा दिसला आणि माझा हात थांबला. ती हनुवटी मी ब्रशनं गोल केली होती. कानाजवळची सावली मी भरली होती. फक्त डोळे निराळे होते, बारीक, थकलेले.

तो काउंटरपाशी आला. फोटोकडे बघितलं, मग हाराकडे, मग माझ्याकडे.

“बाई, हा मी ना?”

मी हातातला खिळा काउंटरवर ठेवला.

“हार घातलाय,” तो म्हणाला. “कधी मेलो मी? घरी कळवायचं तरी.”

कुंडलिक कॅमेऱ्यामागून हसत बाहेर आला. त्यानं फोटो बघितला, माणूस बघितला, आणि त्याचं हसू गेलं.

मी त्याला बाकावर बसवलं, चहा मागवला. नाव लवू, कणकवलीजवळचा. आमचंही गाव तिकडचंच कळल्यावर तो मालवणीत शिरला. मी त्याला सगळं सांगितलं. हरतालिका, तीन मोजणं, हो म्हणणं. ह्यांनाही जे सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं.

“शिवा डावीकडसून तिसरो,” तो म्हणाला. “मी उजवीकडसून तिसरो. आमी दोघंय रेडर, चढाईक जाणारे.” मग त्याचं बोट फ्रेमच्या खालच्या पट्टीवर गेलं. त्यानं मेणाचा थर नखानं खरवडला आणि नाकाशी नेला.

“वयनी, ह्यां मेण कधी लावतत?”

“पौर्णिमेला. का?”

“दर पुनवेक माका मेणाचो वास येता. खंयय आसांदे, कारखान्यात नायतर गावाक. आवस म्हणता, तुझ्या नाकात कायतरी झालाहा.” तो हसला, पण डोळे हसले नाहीत. “दोन नोकऱ्यो गेल्यो, दोनदा लगीन मोडला. आमी म्हणलो, नशीब.”

“कसलं काय हो,” कुंडलिक म्हणाला, “मेणाचा वास सगळीकडेच असतो.” त्याचा आवाज त्यालाच पटला नसावा.

मी हात जोडले. “माझं चुकलं. आत्ता काढते हार.”

“नको.” लवूनं हार माझ्या हाताखालून हलकेच सरकवला. “तुमी नको. जेणी घातलो तेणीच काढूक होयो. आमच्याकडे तशीच रीत. म्हातारेक माहीत तरी आसा काय, मी जितो आसय ता?”

“नाही.”

“मग तिका सांगा. तिच्या हातान उतरांदे. शनवारी माझा विमान आसा. हार घेवन परदेशात जावचो नाय मी.”

“गुरुवारी उतरेल,” मी म्हटलं. “शब्द देते.”

उठता उठता मी त्याला विचारलं, शिवदासचे डोळे कसे होते.

“शिवाचे? कपाळाक कायम आठयो. फोटो काढतानापण. डावी भुवय तुटलेली, प्रॅक्टिसाक मीच पाडलंय तेका.”

“त्याची आई म्हणते हसरा होता.”

लवूनं विचार केला. “आवस डबो घेवन गेटार येय, तेव्हा हसा. तेवढोच.”

तो गेल्यावर कुंडलिक म्हणाला, “वहिनी, टेन्शन कशाला घेता? ट्रंकेत निगेटिव्ह आहे. खरा काढा, त्याच फ्रेममध्ये घाला, भिंतीला लावा. म्हातारी चष्मा घालणार, समोर खरा मुलगा. खल्लास. कोणाला कळणार पण नाही.”

“आणि लवू?”

“तो शनिवारी उडाला. हार तुम्ही उतरवला काय, तिने उतरवला काय.”

“ती सहा वर्षं ज्याच्याशी बोलत बसली, त्याचं काय?”

“तेच सांगतो ना. म्हातारी बाई, आत्ता कुठे डोळे येतायत. आल्या आल्या तिला हे ऐकवणार? तुमचं मन हलकं व्हायला तिची वाट लावायची?”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून ते लागलं. शिवाय भांडुपात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो? हाराचा फोटो करायला जी माणसं येतात ती डोळे मिटून आमच्या हातात चेहरा देतात. सुलक्षणावाल्या बाईनं परक्याला हार घातला, एवढं पुरलं असतं.

त्या संध्याकाळी ट्रंक उघडली. पाकीट वरच होतं, जणू कुणी नुकतंच ठेवलेलं. ह्यांचं अक्षर. निगेटिव्ह चिमटीत धरली, बोटानं मंद बाजू चाचपली, उलटी केली आणि मग मोजलं. एक, दोन, तीन. माझी जुनी खूण दुसऱ्या टोकाकडून तिसऱ्यावर होती.

पडदा ओढला. कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिले. आधी मिशी आली, मग कपाळ, मग त्यावरच्या आठ्या. डावी भुवई मधेच तुटलेली. तो पाण्याखालून वर येत माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, बाहेर ताटकळत ठेवलेला माणूस दार उघडल्यावर बघतो तसा. ह्यांचा आवाज येईल म्हणून मी कान दिला. आला नाही. तो प्रश्नही आला नाही. नुसतं पाणी हलत होतं.

बुधवारी पेन्सिलीला टोक काढून मी बसले. तुटकी भुवई भरायला चार रेघा पुरल्या असत्या, आठ्या पुसायला तेवढ्याही लागल्या नसत्या. हसरे डोळे तर हातात बसलेलेच होते. फोटो समोर ठेवून बराच वेळ बसले आणि पेन्सिल डब्यात ठेवून दिली. जिच्याकडे बघून तो हसायचा ती त्याला हसवील. ते काम माझं नव्हे.

गुरुवारी पहाटे उठले. नेहमीसारखी बोलले नाही. मार्गशीर्षातला गुरुवार, कलश मांडला, पाच पानं लावली, दिवा लावला. रोज दिव्यानंतर मौन सुटतं आणि मी तांब्यातलं पाणी पिते. आज तांब्या तसाच झाकून ठेवला. मनात म्हटलं, सुंदराबाईंना सगळं सांगून होईपर्यंत पाणी नको. हार त्यांच्या हातानं उतरेपर्यंत नको.

दोन फोटो घेतले. नव्या काचेतला शिवदास, आणि जुन्या फ्रेममधला लवू, हारासकट, मेणासकट. मेण पुसलं नाही. दोन्ही जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत ठेवले.

कुंडलिक शटर वर करत होता. पिशवीकडे बघून म्हणाला, “दोन्ही नेताय?”

“हो.”

“आधी कुठला दाखवणार?”

“आधी सांगणार,” मी म्हटलं. “मग तिचा चष्मा, ती ठरवील.”

त्यानं शटर पूर्ण वर ढकललं. मग म्हणाला, “मी येऊ?”

“तू गिऱ्हाईक बघ. दहाला पासपोर्टवाले येतील.”

टेंभीपाड्याचा चढ उन्हात कोरडा पडला होता. मी पिशवी छातीशी धरली, पदर सारखा केला आणि चालायला लागले.