त्रेसष्ट वाडगे आणि मी

मित्रांनो, ज्याला माणसं मोजायची आहेत त्यानं माणसं असतील तेव्हा यावं. एवढी साधी अक्कल त्या सरकारी मोजणीवाल्याला नसावी? आला तो सकाळी अकराला, इस्त्रीचा शर्ट घालून!

मी निवाऱ्याच्या स्वयंपाकघरातली जुनी लोखंडी पळी आहे. शहराच्या पुरातन वेशीचा दरवाजा दुरुस्त झाला, तेव्हा त्यातून निघालेल्या पट्टीचा तुकडा ठोकून लोहारानं मला घडवलं. माझी थोरली बहीण, म्हणजे दुसरी पट्टी, अजून त्या दारावर आहे. तिला बघायला तिकीट लागतं, पुढे दोरी बांधलीय, पहारेकरी बसवलाय. गेल्या साली ह्याच मोजणीवाल्यानं त्या दाराचे खिळे मोजले. एक कमी भरला म्हणून शिडी लावून पुन्हा मोजले. आयुष्यात कुणाला घासभर वाढलं नाही बयेनं! मी चाळीस वर्षं वाढतेय, तर मला खुंटी.

आमच्या स्वयंपाकीणबाईला सगळे मावशी म्हणतात. तिची मोजणी सोपी: एक पळी, एक माणूस, भिंतीवर कोळशाची एक रेघ. रोज संध्याकाळी त्रेसष्ट रेघा. कुणी हमाल, कुणी झाडूवाला, कुणी भांडी घासणारी. डोक्यावर स्वतःचं छप्पर नसलं तरी हाताला काम बहुतेकांच्या. दिवसा इथे उरतात ते सात म्हातारे-आजारी.

मोजणीवाल्यानं सात लिहिले.

"अरे, बाकीचे कामावर गेलेत," मावशी म्हणाली. "संध्याकाळी ये."

"संध्याकाळी ऑफिस बंद असतं."

"मग ह्या रेघा मोज."

"मावशी, रेघांवर कुणाची सही नसते," असं म्हणून हसला, पेन खिशाला लावलं आणि गेला.

कागदावर जितकी माणसं, तितकंच धान्य. पुढच्या महिन्यात सात जणांचं आलं. मावशीनं पाणी वाढवलं. मी तळ खरवडून वर यायची ती पाणीच घेऊन. दिवसभर भांडी घासून आलेली एक बाळंतीण वाडगा पुढे करायची, तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटायचं. मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल, गंजले तरी चालेल. पण भुकेल्यासमोर मला अशी पाण्यानं भरून धरू नका.

आठवड्यानं मोजणीवाला पुन्हा आला. धान्य पोचल्याच्या कागदावर मावशीचा अंगठा हवा होता.

मावशीनं खुंटीवरून मला काढलं आणि त्याच्या हातात दिलं. तो गोंधळला.

"खिळे दोनदा मोजलेस, बाळा. कारण ते जागचे हलत नाहीत. माणसं पोटासाठी हलली, तर तुझ्या कागदावरून मेली. आता धर ही पळी. संध्याकाळी त्रेसष्ट वाडगे पुढे येतील. त्यातले तुझे सात कोणते, ते तूच त्यांना तोंडावर सांग. मग मी अंगठा देते."