हात लावू नये

फाल्गुनातल्या कोरड्या दुपारी, शाळेच्या लांब व्हरांड्यात ऊन शहाबादी फरशीवर आडवं पसरलेलं असताना, टोकाकडून एक भरभर, किंचित घासत येणारी चाल ऐकू यायची आणि आठवीच्या मुली कुणी न सांगता भूगोलाच्या वह्या उघडायच्या. बनसोडे बाई वर्गात शिरायच्या त्या वावटळीसारख्या. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घामाची बारीक रेघ, उजव्या हाताची तीन बोटं खडूनं कायमची पांढरी. वर्गात त्यांच्यासाठी खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पर्सच बसलेली असे. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत त्या अखंड फिरत राहायच्या. जणू पृथ्वीची गती शिकवणाऱ्या माणसाला स्थिर राहण्याचा अधिकारच नव्हता. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, स्वतःविषयी ‘मी जातो, मी सांगतो’ असंच त्या बोलायच्या, आणि त्यांच्या तोंडी ते फार शोभायचं.

मी त्या शाळेत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संगणक शिकवायला लागले. कोडोलीहून सकाळच्या एसटीनं यायचं, राजारामपुरीच्या अलीकडे उतरून चालत शाळा गाठायची. वय तेवीस, नोकरी तात्पुरती, आणि हाताखाली सहा संगणक. त्या सहा यंत्रांचं आगमन मला अजून स्पष्ट दिसतं. चित्रकलेची जुनी खोली रिकामी करून तिथं गुळगुळीत फरशी घातली, खिडक्यांना जाड पडदे लावले. शिवणाच्या बाईंनी प्रत्येक यंत्रासाठी झालर लावलेलं निळं आच्छादन शिवलं. उद्‌घाटनाच्या दिवशी पाच मुलींनी आरती ओवाळली, यंत्रांच्या कपाळी हळदकुंकू लागलं, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी किल्ली माझ्या हाती देत सांगितलं, “नाजूक वस्तू आहेत. एक सूचना लिहून दारावर लावा.” माझं अक्षर सुंदर होतं, त्याचा मला अभिमानही होता. जाड पुठ्ठ्यावर लाल शाईनं मी लिहिलं: चपला बाहेर काढाव्यात. कोणत्याही वस्तूस हात लावू नये.

त्यानंतर आठवड्यातून एकदा चाळीस-चाळीस मुली अनवाणी पावलांनी, देवळात यावं तशा त्या खोलीत यायच्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मी एक आच्छादन काढायची, यंत्र सुरू करायची, आणि त्या थंड, निळसर उजेडात त्या माझी बोटं बघत राहायच्या. परीक्षेसाठी संगणकाची आकृती काढायची असे. मुली पट्टी-पेन्सिलीनं कळफलक रेखाटायच्या, एकेक चौकोन मोजून. माउसची शेपटी वळणदार काढायच्या. पैकीच्या पैकी गुण मिळायचे. आपण नव्या युगाचं दार उघडून उभ्या आहोत, असं मला खरंच वाटायचं.

एका मधल्या सुट्टीत बनसोडे बाई एका मुलीची वही घेऊन माझ्या दारात आल्या. आकृतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “शैला, हे हिनं काढलंय. हिनं कधी धरलाय का हा माउस?”

“नाही बाई. सरांनी सांगितलंय, बिघडतं.”

“मग ही शिकली काय?”

त्यांची नजर दारावरच्या पुठ्ठ्याकडे गेली. इतक्या चंचल बाईंना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. बाहेर मुलींचा कल्लोळ चालला होता, आणि त्या कल्लोळातही मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“अक्षर तुझं हाय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“छान हाय.” मग आवाज न चढवता त्या बोलल्या. “माझे वडील मलकापूरकडच्या एका खेड्यात शाळा शिकले. वर्गाच्या बाहेर, ओट्यावर बसून. मास्तर त्यांच्या पाटीला हात लावायचे न्हाईत. लांबनं बघायचे आन् बरोबर का चूक ते सांगायचे. शिकवलं न्हाय असं न्हाय, शिकवलं. पण लांबनं.”

वही बंद करून त्या निघून गेल्या. त्यांच्या घरी बुद्धमूर्तीशेजारी वडिलांचा फोटो होता, आणि वडील पुढे स्वतःच मास्तर झाले होते, हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मात्र मला एवढंच कळलं, की जे शब्द मी सुबकपणे, निष्पाप मनानं लिहिले होते, ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून कुणीतरी कुणालातरी ऐकवत आलं होतं. पुठ्ठा काढून टाकावा असं वाटलं. हात उचलला गेला नाही.

चार दिवसांनी त्यांनी किल्ली मागितली. “भूगोलाचा तास हाय आठवीचा. तूबी ये.” मी किल्ली दिली. स्वतःच्या हातानं दिली. हे मुद्दाम लिहिते आहे. मात्र त्याच वेळी सहावीचा तास असल्यानं मी पहिली काही मिनिटंच तिथं थांबू शकले.

तेवढ्यात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांत आहे. बाईंनी पडदे सरकवले होते; दुपारचं ऊन त्या खोलीत पहिल्यांदाच आलं होतं आणि आच्छादनांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. सहाही यंत्रांवर चित्र काढायची पांढरी पाटी उघडलेली, आणि मुली आळीपाळीनं पंचगंगेचा मार्ग काढत होत्या. न सरावलेल्या हातांत ती रेघ थरथरायची, भलतीकडेच धावायची. एका मुलीची नदी प्रयाग संगमापासून निघून थेट पन्हाळ्याच्या दिशेनं वर चढली, तशा बाई मोठ्यानं हसल्या, “अगं, तुझी नदी डोंगर चढाय लागली की! खाली आण तिला, खाली!” सगळी खोली हसली. यंत्रांच्या संगतीत इतकं हसू असू शकतं, याची मला कल्पना नव्हती.

तास संपता संपता, गर्दीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि एक मॉनिटर टेबलावरून खाली आला. तो आवाज मी दोन वर्गांपलीकडे ऐकला. धावत गेले, तेव्हा मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या आणि बाई वाकून फरशीवरच्या काचा पदरात वेचत होत्या.

मुख्याध्यापकांनी दोघींना बोलावलं. माझ्यापुढे कोरा कागद सरकवून ते म्हणाले, “काय घडलं ते लिहा. किल्ली तुमच्याकडे होती. विचार करून लिहा. जूनमध्ये तुमच्या नेमणुकीचा विषय आहे.” बाई खिडकीजवळ होत्या, बाहेर मैदानाकडे पाहत. मी माझ्या त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, की बनसोडे बाईंनी माझ्या परवानगीशिवाय खोली उघडली. कागद बाईंसमोर गेला. त्यांनी तो वाचला. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. त्या दृष्टीत राग असता तर मला बरं वाटलं असतं. खाली त्यांनी ‘मान्य’ असं लिहून सही केली.

त्या वर्षी पर्यवेक्षक म्हणून त्यांचं नाव नक्की मानलं जात होतं. त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली, संगणकाच्या खोलीत त्यांना बंदी झाली आणि ते पद त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या एका शिक्षकाकडे गेलं. मी जूनमध्ये कायम झाले. घरी म्हशीच्या पहिल्या दुधाचा खरवस करून आईनं आळीत वाटला. मला तो गिळवला नाही; आईला वाटलं, पोरीला आनंदानं भूक नाही.

नंतरची काही वर्षं आम्ही एकाच व्हरांड्यात परस्परांना ओलांडत राहिलो. त्या “काय शैला?” म्हणायच्या, मी “बऱ्या आहात ना बाई?” म्हणायची, आणि त्या दोन वाक्यांच्या मधलं अंतर मला घरी जाईपर्यंत पुरायचं. एका संध्याकाळी राजारामपुरीत, रिक्षांच्या आणि स्कूटरांच्या गजबजाटात, संगणकाच्या एका क्लासच्या काचेपलीकडे मला त्या दिसल्या. भोवती कॉलेजची पोरं, आणि मधे बाई, चष्मा नाकावर घसरलेला, एका बोटानं अक्षर शोधताहेत. सापडलं की दाबताहेत, पडद्याकडे बघताहेत, पुन्हा शोधताहेत. शाळेतल्या ज्या खोलीत त्यांना मज्जाव होता, तिथलं ज्ञान त्या बाहेरून मिळवत होत्या. मी काचेच्या अलीकडे बराच वेळ घुटमळले आणि आत न जाता स्टँडकडे वळले.

दोन हजार सालानंतर शाळेत प्रोजेक्टर आला, आणि त्याबरोबर तयार धड्यांच्या सीडी. आता खोली अंधारी करायची, कळ दाबायची, आणि एक गोड, शुद्ध आवाज नदीची जन्मकथा सांगायचा. शिक्षकांना विश्रांती मिळाली. काही जण मागच्या बाकावर वह्या तपासायचे. नवे मुख्याध्यापक उदार होते, त्यांनी बाईंवरची बंदी सहज उठवली. बाईंची निवृत्ती पाच-सहा महिन्यांवर आली होती. त्यांच्या पहिल्याच तासाला यंत्र चालवायला मी होते. पडद्यावर एक विशाल, निळी, निर्मळ नदी वाहत होती. बाई अंधारात येरझाऱ्या घालत होत्या. त्यांची सावली त्या नदीवरून पुन्हा पुन्हा जात होती. मधेच त्या म्हणाल्या, “शैला, थांबव. दिवा लाव.”

मुली डोळे चोळत सावरल्या.

“ही नदी कुठली गं?”

कुणालाच सांगता येईना.

“पंचगंगेच्या पाण्याला वास कसला येतो?”

एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, उन्हाळ्यात घाण येतोय.”

“मग हे ह्या सीडीत का न्हाय?”

पुढच्या आठवड्यात मुलाचा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन बाई वर्गाला घाटावर घेऊन गेल्या. कॅमेरा प्रत्येकीच्या हातात गेला. मुलींनी म्हशी टिपल्या, धुणं टिपलं, काठाला साचलेला पिवळा फेस टिपला, दीपमाळांच्या सावल्या टिपल्या. ती चित्रं संगणकावर जोडून, खाली आपल्या शब्दांत लिहून त्यांनी स्वतःचा धडा तयार केला. त्या कामासाठी बाई आणि मी आठवडाभर शाळा सुटल्यावर शेजारी शेजारी बसलो. त्यातल्याच एका संध्याकाळी, पडद्यावरून नजर न काढता, मी म्हणाले, “बाई, त्या दिवशी मी खोटं लिहिलं.”

“मला म्हाईत हाय की. मी तिथंच होतो.”

“तुम्ही का बोलला नाहीत?”

“तुझी नोकरी कच्ची होती. आन् काच तर माझ्याच तासाला फुटली.” त्यांची बोटं टेबलावर अस्वस्थ वाजत होती. “पण म्हणून मी ते विसरलो, असं समजू नको. रडू नको. ते परत लिही. खरं लिही.”

मी लिहिलं. किल्ली मी दिली, मी तिथं होते, माझं आधीचं निवेदन असत्य होतं. नव्या मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं. “आता याचा काय उपयोग? बाई चार महिन्यांत निवृत्त होतायत,” असं म्हणून त्यांनी ते फाइलला लावलं. माझ्यावर ताकीद नोंदवली गेली नाही, बाईंवरची ताकीद पुसली गेली नाही. मी त्याची प्रत बाईंना दिली. त्यांनी व्हरांड्यातच ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, म्हणाल्या, “चालतंय,” आणि घंटा झाली तशा नववीच्या वर्गाकडे निघून गेल्या. पद त्यांना मिळालं नाहीच. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, एका पावसाळी सकाळी, त्या गेल्याचा फोन आला.

आता माझ्या वर्गात यंत्रं पुष्कळ आहेत, आणि कुठल्याही मुलीला ती हाताळताना परवानगी मागावी लागत नाही. तरीही शिकवताना मधेच मी अडखळते. ‘चालतंय’ या शब्दाचा अर्थ मी अजून लावते आहे. कधी त्यात क्षमा ऐकू येते, कधी नुसती घाई. काळ माणसाला घेऊन जातो तेव्हा त्याचे प्रश्न मात्र आपल्यापाशी ठेवून जातो. आणि स्मृती म्हणजे कदाचित तेवढंच, ज्याला आता कुणी बरोबर की चूक सांगणार नाही, असं उत्तर रोज नव्यानं लिहीत राहणं.