बिरड्याबरोबर कोणती?

पेणमध्ये साखरेने मेलेल्या माणसाला देवमाणूस म्हणण्याचा प्रघात आहे. श्रीखंड, पुरणपोळी आणि तुपात बुडवलेले मोदक यांच्या नित्य सेवनाने ज्याने आपल्या रक्तवाहिन्या स्वहस्ते बुजवल्या, त्याच्या शोकसभेत ‘आयुष्यभर सुपारीच्या खांडालाही शिवले नाहीत’ असे वक्ते सांगतात आणि पुढच्या रांगेत बसलेले उद्याचे देवमाणूस माना डोलावतात.

विष्णुपंत, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, याच पदाकडे वेगाने वाटचाल करत होते. दिवाळीनंतर त्यांच्या रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी तो एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून वाचला. त्याच दुपारी मालतीबाईंनी घरातला तुपाचा डबा शेजारी देऊन टाकला. शेजाऱ्यांच्या हृदयाविषयी त्यांचे काही म्हणणे नव्हते. मालतीबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या होत्या. त्यांना निर्णय घ्यायची सवय होती, चर्चेची नव्हती.

आरंभी घराला सुतकाची कळा आली. पडवळ पाहून विष्णुपंत पराभूत सेनापतीसारखे बसत. परंतु पथ्य म्हणून आलेली भाजी हळूहळू चैन होत गेली, आणि हे कसे घडले याचे कोणतेही आदरणीय कारण त्यांना सापडेना. मुळ्याचा पाला लसणीवर परतला की त्याला वास येतो, हे त्यांना उतारवयात कळले. शिराळ्याच्या सालींची चटणी त्यांनी मागून घेतली. भिजवून मोड आणलेले वाल सोलायला ते स्वतः परातीशी बसू लागले. बोटांच्या चिमटीतून सुळकन निसटणारा दाणा हा ज्ञानकोशाहून रंजक निघाला.

याच सुमारास त्यांची मुलगी अंतरा नाशिकहून आली आणि तिकडची लाल वाईन ठेवून गेली. महागाची नव्हती, झाकण फिरवले की उघडणारी. “शुक्रवारी जेवताना एकेक घोट घ्या, बाबा. औषध म्हणून नाही हं. चव म्हणून.” घरात त्यासाठी पेले नव्हते, म्हणून स्टीलच्या फुलपात्रांत ओतली. आणि त्या शुक्रवारी विष्णुपंतांनी बिरड्याचा घास घेतला, घोट घेतला, आणि लग्नानंतर प्रथमच पत्नीला विचारले, “यात काय घातलंस तू?”

मालतीबाई चपापल्या. या माणसाने आजवर ताटासमोर व्याख्याने दिली होती; प्रश्न विचारला नव्हता.

“आमसूल. आणि ओलं खोबरं. नेहमीचंच.”

“नेहमी असतं?”

“तुम्ही नेहमी नसता.”

पुढच्या शुक्रवारी ते दोघे हसले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी जेवण संपल्यावरही उठले नाहीत. मालतीबाईंना वाईनचे फारसे सोयरसुतक नव्हते, पण त्या घोटाबरोबर जो माणूस ताटावर येऊन बसत होता तो त्यांना हवा होता, आणि तो आता कुठे मिळाला होता.

मग बाटली संपली.

इथे पेणच्या सभ्यतेचा एक नियम सांगणे प्राप्त आहे. पेणचा सज्जन पेणमध्ये बाटली घेत नाही. तो गाडी पकडून रोह्याला जातो. रोह्याचा सज्जन रोह्यात घेत नाही. तो पेणला येतो. पेणकराने विचारल्यास तो ‘धावीर महाराजांच्या दर्शनाला’ गेलेला असतो; रोहेकर ‘गणपतीच्या मूर्तीची ऑर्डर द्यायला’ आलेला असतो, मग फाल्गुन का असेना. अशा रीतीने दोन तालुक्यांची अब्रू रोज एकमेकींच्या शेजारून विरुद्ध दिशांना प्रवास करते.

विष्णुपंतही रोह्याला गेले. दुकानाच्या रांगेत त्यांच्या पुढे वाचनालयाचे चिटणीस आदेश उभे होते.

“सर! तुम्ही इकडे?”

“दर्शनाला,” विष्णुपंत म्हणाले.

“मीसुद्धा,” आदेश म्हणाले, आणि दोघे नाइलाजाने देवळात गेले. विष्णुपंत प्रसादाचा नारळ घेऊन परतले. पुढच्या खेपेस रांगेत त्यांच्याच सोसायटीचे अध्यक्ष होते, पुन्हा नारळ. त्या शुक्रवारी सकाळी दुसरा नारळ ओट्यावर ठेवत विष्णुपंतांनी जाहीर केले, “मालती, हे प्रकरण आता बंद. या वयात शोभत नाही. भाजी आहेच की. ती खाऊ, पाणी पिऊ आणि आठाला बातम्या लावू.”

मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. बातम्यांसमोर ताट घेऊन बसलेला तो जुना माणूस त्यांना स्पष्ट दिसला. त्यांनी पिशवी उचलली.

बाजारात खाडीकडच्या गावाहून येणारी पुतळी वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. “काय गो बाय, आज तोंड असा का? मास्तर भाजी खाय नाय काय?”

“खातो गं. गप्प बसून खाईल आता.”

“मग बरा हाय की! आमचा बोलतो नि खातो, दोनी येकदम. सगला माझ्या अंगावर.”

मालतीबाईंनी शेंगा घेतल्या, मुळ्याची जुडी घेतली, लाल माठ घेतला, आणि पिशवीतून पाला बाहेर डोकावत असताना, भर सकाळी, पेणच्याच दुकानासमोरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

परिणाम भूकंपासारखा झाला. पुढच्या माणसाने मागे पाहिले आणि हातातली पिशवी पाठीमागे लपवली. तो काळुराम होता, मांडववाला. सातवीत मालतीबाईंच्या वर्गात.

“काळुराम, हात पुढे.”

“बाई, मी सुट्टे घ्यायला आलेलो.”

“मिळाले?”

“नाय बाई.”

“मग आता काय घेणार?”

काळुरामने जमिनीकडे पाहिले. त्याच्या पुढचा निकेश, धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून बसने थेट इथेच उतरलेला, सरळ ताठ उभा राहिला. न सांगता सगळी रांग एकामागे एक, हातभर अंतर ठेवून लागली. सफारीतल्या एका अनोळखी गृहस्थांनी घाईघाईने खुलासा केला, “मी रोह्याचा. मूर्तीची ऑर्डर...”

“पत्ता चुकलात,” मालतीबाई म्हणाल्या. “रांगेतच थांबा, तुमचाही नंबर येईल.”

“बाई, तुम्ही पुढं या,” निकेश म्हणाला. “आम्ही थांबतो.”

“मी माझ्या नंबराने येईन.”

त्या नंबराने आल्या, आणि आधी बाटली घेतलेलेही बाजूला घुटमळत राहिले. गल्ल्यावरच्या सखाने आयुष्यात एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी केली होती: कमी पैशांत जास्त कशाने चढते. मालतीबाईंनी विचारले, “सखा, वालाच्या बिरड्याबरोबर कोणती जाईल?”

सखाने फडताळाकडे पाहिले. फडताळ मदतीला आले नाही. “बिरड्याबरोबर कोणी घेत नाय, बाई. शेंगदाण्याबरोबर घेतात.”

“लाल घ्या बाई,” निकेश बाजूने म्हणाला. “आमच्या कंपनीच्या पार्टीला लालच होती.”

“पार्टीत बिरडं होतं काय रे?” काळुरामने विचारले.

“कोंबडी होती,” निकेश म्हणाला.

“मग कोंबडीला लाल, तर वालाला पांढरी,” रांगेतून कोणीतरी म्हणाले.

“वाल काय मासा हाय?”

“आमच्याकडे बिरड्यात कोलंबी घालतात,” रोह्याचे गृहस्थ हिरिरीने म्हणाले, आणि आपण ऑर्डर द्यायला आलो आहोत हे आठवून गप्प झाले.

“शांत,” मालतीबाई म्हणाल्या, आणि शांतता झाली. “लाल दे. कमी गोड, आणि सगळ्यात स्वस्त.”

“स्वस्त?” सखा हळहळला. “बाई, तुमच्यासारख्यांनी जरा चांगली न्यावी. लोक काय म्हणतील?”

“लोकांना पाजणार नाहीये मी. आणि परवाना दे.”

“काय?”

“पिण्याचा परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो. कायद्यात आहे.”

“आहे बाई, पण इथं कोणी मागत नाय.”

“मी मागतेय.”

सखाने खण उपसला. मेणबत्त्यांखाली, धूळ खात, परवान्यांचे पुस्तक निघाले. हे पेय धारकाच्या आरोग्याच्या जपणुकीसाठी आहे, असे त्या कागदावर शासनाने गंभीरपणे छापले होते; भाजीविषयी शासनाने असे काहीही कधी छापलेले नाही. मालतीबाईंनी वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिले, सही केली, आणि वळून रांगेला विचारले, “आणि तुमचे?”

रांग निघून गेली असती, पण बाईंच्या देखत वर्ग सोडून जाण्याचे धैर्य कोणात नव्हते. काळुरामने नाव लिहिले. निकेशने लिहिले. रोह्याच्या गृहस्थांनी पेन हातात घेतले, कपाळ पुसले आणि आयुष्यात प्रथमच परगावी खरे नाव लिहिले.

“‘राम’ला काना दे, काळुराम,” मालतीबाई जाता जाता म्हणाल्या.

घरी विष्णुपंतांनी बाटली पाहिली आणि खुर्चीत बसले. “कुठून?”

“नाक्यावरून.”

“आपल्या नाक्यावरून! कोणी पाहिलं?”

“सगळ्यांनी. परवानाही आहे, माझ्या नावाचा.”

“मालती, संध्याकाळपर्यंत गावभर होईल!”

“तेवढा वेळ कशाला लागतोय?” त्या म्हणाल्या आणि शेंगा निवडायला बसल्या. “तुम्हाला नको असेल तर मी एकटी घेईन. तुम्ही बातम्या लावा.”

दिवसभर विष्णुपंत पुस्तक उघडून एकाच पानावर होते. संध्याकाळी बिरड्याला फोडणी पडली, आणि ती आवाज न करता पडणारी नसते. ते उठले. टीव्हीच्या दिशेने दोन पावले गेले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. मालतीबाईंनी फुलपात्र पुढे सरकवले. त्यांनी घास घेतला, घोट घेतला, आणि विचारले, “आज काय वेगळं आहे यात?”

“शेंगा ताज्या आहेत. सोलल्या मी एकटीने, म्हणून जरा उशीर झाला.”

“मला हाक का नाही मारलीस?”

इतक्यात दाराची घंटा वाजली. विष्णुपंत सवयीने उठले, सवयीने दार उघडले, आणि हातात फुलपात्र तसेच राहिले. समोर काळुराम उभा होता. त्याने फुलपात्राकडे पाहिले, सरांकडे पाहिले, पुन्हा फुलपात्राकडे पाहिले. पुरावे लपवण्याचे अनेक ऐतिहासिक दाखले विष्णुपंतांना ठाऊक होते. त्यांतला एकही या क्षणी उपयोगी पडला नाही.

“सर, बाई हायेत?” काळुराम म्हणाला. “घरी बाटली दाखवली, परवाना पण दाखवला. बायको बोलली, एवढा कायदेशीर झालायस तर जेवायलाही नीट बस. आता विचारते, ह्याच्याबरोबर भाजी कोणती करू? मला चिवड्यापलीकडं काय ठाऊक नाय.”

विष्णुपंतांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. मग, ज्या आवाजात त्यांनी तीन पिढ्यांना तह आणि लढाया शिकवल्या होत्या त्या आवाजात ते म्हणाले, “मुळा. पाला टाकू नको म्हणावं. लसूण आधी, पाला मागून, आणि झाकण नाही ठेवायचं.”

“थांबा सर, जरा हळू. लसूण आधी...”

“छे, तुला सांगून उपयोग नाही. तिलाच घेऊन ये. पुढच्या शुक्रवारी, जेवायलाच या.”

आत मालतीबाईंनी हातातला घास तसाच धरून ते ऐकले. मग त्यांनी तिथूनच विचारले, “तेव्हा वाल चौघांचे भिजत घालू का?”

“पाच जणांचे घाल,” विष्णुपंत दारातून म्हणाले. “आदेशलाही बोलावू. बिचारा कधीचा नारळच खातोय.”