अजानची वेळ

वज्दीने अजानचं बटण पुन्हा दाबलं, तरी मीटरचा काटा जागचा हलेना. बाहेर सूर्य बुडाला होता, रोजा सोडायला निम्मं गाबेस शहर रेडिओला कान लावून बसलं होतं आणि स्टुडिओत नुसती शांतता.

“मशीनला काय केलंस?” लल्ला मुनीराने विचारलं. स्टेशनवरची सगळ्यात जुनी तंत्रज्ञ; ‘लल्ला’ तिला सगळे मानाने म्हणत. ही मशीन ज्यावर चालायची ते लिनक्स त्याला तिनेच शिकवलेलं.

“काही नाही. दुपारी अपडेट केलं, नेहमीसारखं.”

“टेस्टिंग जोडलंस ना?”

वज्दीने मान खाली घातली. आवाज साफ करणारा एक नवा प्रोग्रॅम त्याला हवा होता आणि तो स्टेबलमध्ये, म्हणजे तपासून पक्क्या झालेल्या प्रोग्रॅमांच्या साठ्यात, आला नव्हता. म्हणून त्याने अजून चाचणीत असलेल्या प्रोग्रॅमांचा, टेस्टिंगचा साठा जोडला, तेवढा एक प्रोग्रॅम घेतला आणि साठा काढून टाकायला साफ विसरला. आजच्या अपडेटबरोबर सगळी मशीनच त्या कच्च्या मालावर गेली.

“घरी हवे ते खेळ कर, प्रसारणाची मशीन स्टेबलवरच राहू दे. किती वेळा सांगायचं रे?”

तिने माइक सुरू केला आणि स्वतःच सांगून टाकलं, “गाबेसकरांनो, सूर्यास्त झालाय. रोजा सोडा.”

लगेच संचालकांचा फोन आला.

“माझ्याच हातून चुकलं, साहेब,” मुनीरा म्हणाली.

वज्दी शेजारीच उभा होता. बोलायला हवं होतं, पण त्याची जीभ उचलेना.

घरी आईने त्याच्यापुढे शोरबा ठेवला.

“मशिदीतली अजान केव्हाच झाली होती. शेजारीण म्हणाली, खा आता. मी आपली खजूर हातात धरून बसले.”

“का गं?”

“तुझा रेडिओ कुठे बोलला होता? म्हटलं, मशिदीवाल्यांनी घाई केली असेल, माझ्या वज्दीची मशीन चुकायची नाही.” ती त्याच्यासमोर बसली. “मग त्या बाईचा आवाज आला. तिनेच काहीतरी घोळ घातला असणार, हो ना?”

वज्दीने चमचा खाली ठेवला.

“आई, माझा फोन दे जरा. साहेबांशी बोलायचंय.”

“जेवून घे की आधी.”

“नाही. आत्ताच दे.”