दोन सुलट, एक उलट

दाराबाहेर चपलांचा ढीग पाहून सुनेच्या काळजात धस्स झालं. घरात सासरे एकटे आणि बाहेर वीसेक जोड. ऑफिसातली वीज गेली म्हणून ती त्या दिवशी दुपारीच परतली होती. धडपडत आत शिरली, तर सासरे ठणठणीत. इमारतीतली निम्मी माणसं सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली आणि सगळ्यांची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. पडद्याच्या उजव्या कोपऱ्याला अगदी चिकटवून, अकरा महिन्यांपूर्वी गेलेल्या सासूबाईंचा फोटो उभा केला होता. शेजारी निरोपबाई डोळे मिटून बसली होती.

निरोपबाई म्हणजे गेलेल्यांचे निरोप आणून देणारी. सख्ख्या जिवंत बहिणीशी तिचा दहा वर्षं अबोला, मेलेल्यांशी मात्र रोजचं बोलणं.

"आज यायच्या नाहीत त्या," ती डोळे न उघडता म्हणाली. "अविश्वासाचं पाऊल पडलंय घरात."

वीस माना सुनेकडे वळल्या.

माणसं पांगल्यावर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सगळं सांगून टाकलं. "दोन महिने झाले गं. रोज दुपारी एक वाजला की तुझ्या सासूबाईंचं विणकामाचं पुस्तक पडद्यावर आपोआप उघडतं. बाण फिरतो, अक्षरं उमटतात. गेल्या आठवड्यात आलं, दोन सुलट, एक उलट. निरोपबाई म्हणाल्या, दोन दिवस चांगले जातील, एक वाईट. आणि माझं तसंच झालं की."

"शनिवारी, रविवारी येतात?"

"नाही. ते दोन दिवस त्या विश्रांती घेतात."

सुनेला उलगडा झाला. ती विश्रांती तिच्याच ऑफिसची होती. सासूबाईंनी आयुष्यभराचे स्वेटरचे नमुने कॉम्प्युटरवर उतरवायला घेतले होते आणि ते काम अर्धवट राहिलं होतं. वर्षश्राद्धाला छापील पुस्तक सासऱ्यांच्या हातात ठेवायचं, तोवर ब्र काढायचा नाही, असं सुनेने ठरवलं होतं. म्हणून ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून घरचा चालवता येईल अशी सोय तिने करून घेतली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती रोज तासभर चुका दुरुस्त करायची. पलीकडे खोलीत कुणी बसलं असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने फोटो उचलला आणि तिचं डोकं फिरलं. कुणी दुरून जोडलं की पडद्याच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात एक छोटी चौकट येते आणि जोडणाऱ्याचं नाव सांगते. बाकीच्यांचं सोडा, निरोपबाईला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"बाबा, ती मी होते," ती म्हणाली.

"तुला तिचं येणं बघवत नाही," सासरे तोंड फिरवून म्हणाले. "ती सांगायचीच, सूनबाईला कळू देऊ नका."

ती सांगायची म्हणजे निरोपबाई सांगायची. बाईने आणखीही एक सांगितलं होतं, ते सुनेला औषधांचं कपाट उघडल्यावर समजलं. सासऱ्यांना काचबिंदू होता. सकाळ-संध्याकाळ घालायच्या थेंबांची बाटली सीलबंद पडली होती आणि पुढे निरोपबाईचं मंतरलेलं पाणी होतं.

रात्रभर वाद झाला. शेवटी सासरे डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले, पण एका अटीवर. एक वाजता काकूंनी घरातून फोन लावून ठेवायचा. "मला तिचं ऐकायचंय," ते म्हणाले. किल्ली काकूंकडे होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी, डॉक्टरकडे जाण्याआधी, सुनेने त्यांना ऑफिसात नेऊन आपल्या खुर्चीत बसवलं आणि त्यांचा हात माउसवर ठेवला. "फिरवा."

त्यांनी फिरवला. फोनमधून काकू ओरडल्या, "आल्या!"

त्यांनी हात उचलला. "थांबल्या," काकू म्हणाल्या. पुन्हा ठेवला. "आल्या, आल्या."

मग निरोपबाईचा गहिवरलेला आवाज आला. "त्या म्हणतायत, माझ्या माणसाला डॉक्टरकडे का नेलंत? त्या थेंबांनी डोळ्यांवर पडदा येतो. मग मी त्यांना दिसणार कशी?"

सासऱ्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"फोटो तिथेच का ठेवते ती निरोपबाई?" त्यांनी हळूच विचारलं. सुनेने सांगितलं.

एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत त्यांनी लिहिलं: फोटो बाजूला करा.

"नाही, हात लावू नका," निरोपबाई घाईने म्हणाली.

"अहो, पण त्याच सांगतायत ना," काकू म्हणाल्या. दोन महिने भक्तिभावाने ऐकत आलेल्या काकूंनी याही वेळी ऐकलं. फोटो उचलल्याचा आवाज झाला. मग काकू वाचू लागल्या. "इथे ऑफिस असं लिहिलंय. आणि हिचं नाव आहे, सुनेचं."

"यंत्रातून यायचं तर कुणाचं तरी नाव घ्यावंच लागतं," निरोपबाई म्हणाली आणि उठली. काकूंनी नंतर सांगितलं, सतरंजीवरचे चौघे तरीही तिच्यामागे गेले.

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती. "गेलं ते परत येत नाही," ते म्हणाले. "उरलेलं राखू. एक दिवस जरी थेंब चुकवले तरी माझ्याकडे येऊन सांगा."

परतताना सासरे पायरीवर थबकले. सुनेने हात धरला.

"दोन महिने ती घरात होती," ते म्हणाले. "मला खरंच वाटलं गं."

"मी आधी सांगायला हवं होतं, बाबा."

"मीही विचारायला हवं होतं."

तेवढंच तर करायचं होतं. विचारायचं. आपोआप काही हलत नाही. कुणाचा तरी हात असतो, आणि तो शोधायला ना विद्वत्ता लागते ना धाडस, एक फोटो उचलावा लागतो. वीस माणसं दोन महिने त्या फोटोपुढे हात जोडून बसली आणि एकानेही तो उचलला नाही. तुमच्या घरात असा फोटो असेल तर आजच उचला. आणि तोवर औषध थांबवू नका.

पुस्तक छापून आलं. सासरे ते डोळ्यांसमोर अगदी मधोमध धरून वाचतात, कारण कडेचं त्यांना दिसत नाही.